एकावन्नावी

क्लासच्या ऑफिसात सरांनी मॅनेजमेंट कॉलेजच्या मुलाखतीसाठीची गुणवत्ता यादी उघडली, तेव्हा ती खुर्चीच्या काठावर जीव मुठीत धरून बसली होती. नोकरी सांभाळून प्रवेश परीक्षा देण्याचं हे तिसरं वर्ष. यंदा नाही तर कधीच नाही, असं घरच्यांनी बजावलेलं.

बोलावणं फक्त पहिल्या पन्नासांना होतं. ती एकावन्नावी निघाली.

"थोडक्यात हुकलं गं," सर हळहळले. "एक, फक्त एक जण कमी असता ना!"

"पहिला कोण आलाय, सर? यादी वर घ्या ना."

सरांचा हात माउसवरच थिजला. किती गुणांना बोलावणं येतं याचा अंदाज यावा आणि क्लासच्या पाटीवर मिरवताही यावं, म्हणून सर दरवर्षी स्वतः परीक्षेला बसत, कॉलेजचा फॉर्म भरत. मुलाखतीकडे मात्र ते कधी फिरकतही नसत.

शेवटी तिनेच हात पुढे करून यादी वर सरकवली. पहिलं नाव वाचलं आणि शांतपणे बॅग खांद्याला लावली.

"अभिनंदन, सर. यंदा तरी मुलाखतीला जाणार ना?"