वरून टांगलेलं गेट

मैना म्हैस गाडीच्या फळीवर पाय ठेवायला तयार नव्हती. व्यापारी रणछोडभाईंचा एक माणूस पुढून दावं ओढत होता, दुसरा मागून ढकलत होता. ती मान वळवून जगदेवरावांकडे बघत होती.

"असं कधी करत नाही ती," जगदेवराव म्हणाले. "माणसं नवी दिसतात म्हणून बुजलीय. थांबा, मी चढवतो."

"तुम्ही राहू द्या, बाबा," अनुज म्हणाला. "त्यांनाच चढवू दे. आता त्यांच्या हातची सवय व्हायला हवी तिला."

मुलाच्या या बोलण्याचा अर्थ जगदेवरावांना लागला नाही. ते बाजूला उभे राहिले.

बडोद्याबाहेर, बाजव्याच्या रस्त्याला त्यांची गाड्यांच्या बॉड्या बांधायची शेड होती. जनावरं नेणाऱ्या गाड्यांची सरकती गेटं सगळीकडे खालच्या पट्टीत चालतात. त्या पट्टीत शेण आणि काड भरतं. मुतानं पत्रा गंजतो. मग गेट अडकतं, ड्रायव्हर त्याला लाथा घालतो, पहारीनं उचकटतो, आणि आत जनावर भिंतीवर आदळत राहतं. जगदेवरावांनी गेट वरून टांगलं. वरच्या रुळावर बेअरिंग बसवली, खाली मोकळी फट सोडली. पाण्याचा पाइप मारला की सगळं शेण बाहेर. शेपूट सापडू नये म्हणून कडेला जाड रबर लावलं.

दुसरे लोक गेट हातानं ओढून बघतात आणि झालं म्हणतात. जगदेवराव म्हणायचे, गेट माणसाला आवडून काय उपयोग. ते घरामागच्या गोठ्यातून मैनाला आणायचे. ती गाडीत चढायची, गेट लागायचं, अनुज गाडीला एक चक्कर मारून आणायचा, गेट उघडायचं, मैना उतरायची. गेट वाजलं की तिच्या अंगावर काटा यायचा. मग जगदेवराव पुन्हा पान्हा हातात घ्यायचे. होता होता तिनं दचकणं सोडलं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, गेट जमलं.

आज सकाळी अनुज म्हणाला होता, "रणछोडभाई गाडी न्यायला येतायत. मैनाला घेऊन या बाबा. शेवटची चाचणी त्यांच्यासमोरच होऊन जाऊ दे." जगदेवरावांनी तिला धुतलं होतं. शिंगांना तेलही लावलं होतं.

"सवय कसली रे?" त्यांनी आता विचारलं.

अनुजनं गाडीकडे बघत उत्तर दिलं. "मैना मी त्यांना दिली. गाडीबरोबर. भाकड झालीय ती, बाबा. आणि गोठ्याच्या जागेत मला पत्रा वाकवायचं मशीन बसवायचंय."

"मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"आणि तिला आणायला मात्र मलाच सांगितलंस."

"दुसऱ्या कुणाबरोबर ती आली नसती," अनुज म्हणाला.

भाकड म्हैस घेऊन व्यापारी कुठं जातो, ते जगदेवरावांना कुणी सांगायला नको होतं. ते पुढे गेले आणि त्यांनी त्या माणसाच्या हातातून दावं काढून घेतलं. कुणी अडवलं नाही. रणछोडभाईंनी फक्त हात जोडले.

"काका, बोल थई गयो छे. ढोर पाछुं, तो गाडी पण पाछी."

"ऐकलंत?" अनुज हळू म्हणाला. "हिला परत नेलंत तर गाडी इथंच उभी राहील. त्यांच्या पुढच्या गाड्या दुसरा कुणीतरी बांधेल, त्याच खालच्या पट्टीच्या. तुमचं गेट कधी रस्त्याला लागायचंच नाही."

जगदेवरावांनी मैनाला मागे घेतलं नाही. दावंही सोडलं नाही. ते नुसते उभे राहिले. तेवढा वेळ त्या माणसांना पुरला. एकानं तिची शेपूट पिरगाळली. मैना पुढच्या गुडघ्यांवर बसली, पण चढली नाही. दुसऱ्यानं टायरजवळची काठी उचलली. काठीच्या टोकाला खिळा होता.

"मारू नका," जगदेवराव म्हणाले. "बाजूला व्हा."

ते फळीशी गेले. दावं त्यांनी तिच्या मानेवर टाकून दिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "चल गं, मैने."

मैना उठली. कुणी न ओढता, न ढकलता फळीवरून वर गेली आणि आत जाऊन गेटकडे तोंड करून वळली. काठीवाला हसला. "काकांचं बरोबर ऐकते."

गेट कुणी लावायचं, ते कुणी बोललं नाही. जगदेवरावांनीच हात घातला. गेट एका ओढीत सरकत गेलं आणि रबरावर टेकलं. काही वाजलं नाही.

"माखण जेवुं चाले छे, काका," रणछोडभाई गेटवर हात फिरवत म्हणाले.

अनुज वडिलांच्या खांद्यावर हात ठेवायला आला. ते एक पाऊल बाजूला झाले. त्यांना गाडी दिसत राहायला हवी होती.

गाडी सुरू झाली, शेडच्या दारातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. मैना बुजली नाही, रेकली नाही. गेटच्या वरच्या गजांतून तिचं तोंड दिसत होतं. ती जगदेवरावांकडे बघत सावकाश रवंथ करत होती. तिच्या लेखी ही अजून चाचणीच होती.