दारावरचा आकडा

जनगणनेच्या मास्तरीणबाई प्रत्येक दारावर खडूने माणसांचा आकडा लिहीत होत्या. मागच्या खेपेला आमच्या गल्लीत दारागणिक सहा-सात होते. आता मुलं परगावी गेली, म्हातारे वर गेले. दारोदार एक, नाहीतर दोन.

मी कामावरून आले, तर आमच्या दारावर तीन. आम्ही नवरा-बायको दोघंच.

बाई शेजारच्या दाराशीच होत्या. "अहो, चुकलात तुम्ही," मी हसत म्हटलं.

"नाही हो. घरातल्या बाईंनीच सांगितलं. काय सुरेख वेणी त्यांची. चहासुद्धा दिला."

माझ्या स्वयंपाकघरात? माझी वेणी तर मागच्या जनगणनेलाच करंगळीएवढी उरली होती.

"कोण म्हणून सांगितलं तिने?"

"साहेबांची बायको. आणि तुम्ही तिच्या मोठ्या बहीण ना? फार करता म्हणे तिचं."

मला बहीण नाही.

आज नवऱ्याची धडगत नव्हती. तरातरा जाऊन मी बेल दाबली. त्याने दार उघडलं, नेहमीसारखी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत वळून म्हणाला,

"अगं, चहा टाक. ताई आल्या."