नदीकाठचे आजोबा

"ज्वालामुखी अजून ओला आहे. बसा," प्रोफेसर मान वर न करता म्हणाला.

दारातले म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसले. झेरॉक्सच्या दुकानामागच्या या खोलीत शाळेच्या सगळ्या विषयांचा गृहपाठ तयार मिळत असे. कागदाच्या लगद्याचे ज्वालामुखी, पानांच्या आकृत्या, राजांच्या वंशावळी, निबंध, काय वाटेल ते. ते करून देणाऱ्याला सगळे प्रोफेसर म्हणत. कॉलेज त्याने अर्ध्यावर सोडलं होतं आणि आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण ही हाक त्याला आवडायची. गिऱ्हाईक मात्र एकही आवडत नसे. पोरं ऐतखाऊ, आईबाप त्यांच्या वरताण, आणि शिक्षक तर डोळे मिटून मार्क देणारे, असं त्याचं ठाम मत होतं. लहान वर्गांचं काम तो डाव्या हाताने लिहायचा आणि पानोपानी एखादी चूक आठवणीने घालायचा. चूक नसली की शिक्षकांना संशय येतो. असली की आपण काहीतरी तपासलं, असं त्यांना वाटतं.

"सूनबाईंनी पाठवलंय," म्हातारे म्हणाले. "नातवाचं सगळं घेऊन या म्हणाल्या."

सूनबाई प्रोफेसरला चांगल्या आठवत होत्या. कानाला फोन लावूनच आत आल्या, पलीकडच्याला "एक मिनिट हं" म्हणाल्या आणि तेवढ्यात मुलाचं अख्खं सत्र त्याच्या गळ्यात मारून मोकळ्या झाल्या. भाषेच्या विषयाला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत होती.

"घरी आजोबा आहेत ना?" त्याने विचारलं होतं.

"आहेत हो. पण ते एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. तुम्हीच लिहा काहीतरी गोड."

मग त्याने गोड लिहिलं. त्याच्या बापाचं काय जात होतं!

"फाईल बघू का तोवर?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"बघा की. तुमचीच आहे."

म्हाताऱ्यांनी चष्मा पुसला. नकाशे पाहिले, पानांच्या आकृत्या पाहिल्या, दोनदा "वा" म्हणाले. मग मुलाखतीपाशी आल्यावर त्यांचं बोट ओळींवरून हळूहळू सरकायला लागलं.

"हा मी आहे?"

प्रोफेसरने आता कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दुकानात यायला इतकं नटायचं काय कारण, असं त्याच्या मनात आलं.

"तुम्हीच, असं समजा."

"मी नदीकाठी वाढलो, असं लिहिलंय. माझ्या लहानपणी नदी नव्हती हो. रेल्वेचं यार्ड होतं."

"आजोबा, नदी सगळ्यांच्याच लहानपणी असते. बाईंना आवडते. यार्डाला कोण मार्क देणार?"

"आणि पोस्टमन कशाला? मी तर लिफ्ट दुरुस्त करायचो. एकदा मी स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये असा अडकलो..."

"पोस्टमन चालतो," प्रोफेसरने त्यांना मध्येच तोडलं. म्हणजे सून खोटं बोलत नव्हती. याला वेळीच आवरलं नाही तर संध्याकाळ इथेच जायची.

म्हाताऱ्यांनी पान पुढे केलं. "इथे खाडाखोड झालीय."

"ती मुद्दाम केलीय. पोरानं लिहिल्यासारखं वाटायला."

"वाटतंय खरं." त्यांनी खोडलेल्या शब्दावरून बोट फिरवलं. "तो म्हणाला होता मला. आजोबा, रविवारी तुमची मुलाखत घेणार आहे. मी आपला हाच शर्ट घालून सकाळपासून बसलो होतो. मग त्याला क्लास लागला."

प्रोफेसरच्या डोक्यात तिडीक गेली. त्याला सुनेचा राग आला, पोराचा आला, आणि इस्त्री करून बसणाऱ्या या म्हाताऱ्याचा तर सगळ्यांत जास्त आला. त्याने कोरा कागद ओढला आणि पेन डाव्या हातात घेतलं.

"सांगा काय ते लिफ्टचं. दुसरं लिहून देतो. थोडक्यात सांगा पण."

म्हातारे कागदाकडे पाहत राहिले. काहीतरी त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. मग त्यांनी मान हलवली.

"नको. हे छान झालंय. हा आजोबा माझ्यापेक्षा बरा आहे. फक्त याची एक झेरॉक्स काढून द्या. पाठ करायचीय."

"पाठ? तुम्हाला?"

"शाळेत आम्हा आजीआजोबांना बोलावलंय ना शुक्रवारी. बाई काही विचारतील. पोरगं सगळ्यांसमोर खोटं पडायला नको."

प्रोफेसरने बाहेर जाऊन झेरॉक्स काढून आणली. म्हाताऱ्यांनी ती घडी करून वरच्या खिशात ठेवली, फाईल काखेत मारली आणि ज्वालामुखी दोन्ही हातांनी अलगद उचलला. ओला रंग शर्टाला लागला, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं. दाराशी गेल्यावर ते थबकले.

"प्रोफेसर, एक राहिलंच. नदीचं नाव काय होतं हो?"

मागे येऊन त्यांनी ज्वालामुखी स्टुलावर टेकवला, खिशातली घडी उलगडली आणि पेनाचं टोपण काढून ते उत्तराची वाट पाहत उभे राहिले.