धुळीचं पांघरूण

पत्राला सात महिने होऊन गेले होते, आणि उत्तर काही गेलेलं नव्हतं. मंगळवारी आणि शुक्रवारी टपालाची गाडी येई. दर वेळी पोस्टमास्तर पिखांना ते पत्र आठवे; आणि नाहीच आठवलं, तर आठवण करून द्यायला रोझिना कुबात खिडकीशी हजर असे.

आजही होती.

"आलं का मास्तर, त्या नांगऱ्याचं?"

"पिशवी अजून सोडली नाही, रोझिनाबाई."

"सोडा की मग! घोडे जुंपून आलेय मी."

बाहेर तिची गाडी उभी होती आणि गाडीत लोखंडी कुळव. काल दुपारी अर्ध्या तासाची एक सर पडून गेली होती. आता रान वाफशावर आलं होतं.

ओमाहा शहरातून येणाऱ्या चेक भाषेतल्या साप्ताहिकात 'म्हातारा नांगऱ्या' या नावानं कोणी एक जण शेतीचा सल्ला देई. चाळीस वर्षं नांगरामागं चाललेला माणूस, असं सदरावरच छापलेलं असे. कॅन्ससच्या या पश्चिम टोकाला जमीन नवी, पाऊस बेताचा, आणि लोकांना येत होती ती सगळी शेती दुसऱ्या मुलखातली. त्यामुळे नांगऱ्याचं लिहिणं घरोघर प्रार्थनेसारखं पाठ होतं. सर पडली की लगेच रान कुळवा. ढेकूळ दिसता कामा नये. माती पिठासारखी करा. वरचं धुळीचं पांघरूण खालची ओल धरून ठेवतं.

रोझिनानं अक्षरशः तसंच केलं. दोन वर्षं गहू असा आला की शेजारी बघायला आले. तिसऱ्या वर्षी वारा सुटला. पांघरूण उडालं आणि मग पांघरुणाखालची मातीही उडाली. नवऱ्यामागं एकटीनं सांभाळलेल्या रानापैकी आता ओढ्याकाठचे चाळीस एकर तेवढे काळ्या मातीचे उरले होते. गेल्या शरदात तिनं नांगऱ्याला विचारलं होतं: तुमचं ऐकते तरी रान उडतंय. कुळवू की नको?

"तो कसला उत्तर देतोय!" पिठाच्या पिंपावर बसलेला तिचा शेजारी मातेय स्लाडेक म्हणाला. पार्सल टाकायला आला होता आणि शेगडीपाशी रेंगाळला होता. "नांगराला दांडी कुठल्या बाजूला असते, ते तरी ठाऊक आहे का त्याला?"

"असं बोलू नये," मास्तर म्हणाले. "त्याच्या लिहिण्याला आधार आहे. पुस्तकांत प्रयोगांचे आकडे..."

"मास्तर, तुम्ही वाचता फार. ते तुमचं कुंडीतलं जिरेनियम बघा. पुस्तकाबरहुकूम मेलंय."

रोझिनाही हसली. मग तिनं एप्रनच्या खिशातून एक जुना कागद काढला. "मागं बियाण्याचं विचारलं होतं, तर पंधरा दिवसांत उत्तर आलं होतं. हे बघ. ओमाहाचा शिक्का. अक्षर कसं डावीकडे कललंय? नांगर रेटून खांदा उतरलेल्या माणसाचं अक्षर आहे हे."

"नाहीतर बिअर उतरलेल्या."

मास्तरांनी त्या कागदाकडे पाहिलं नाही. ते मातेयची पावती लिहीत होते, नेहमीसारखी एकेक अक्षर सुटं, छापल्यासारखं.

"समजा, त्यालाच ठाऊक नसेल," ते हळूच म्हणाले.

"मग तसं लिहावं की मेल्यानं! 'मला ठाऊक नाही.' तीन शब्द! म्हणजे मी माझं बघते. उत्तरच नाही, तर मी काय समजायचं? छापलंय तेच खरं." तिनं बाहेर पाहिलं. "आज आलं नाही तर कुळवणार. वाफसा निघून जाईल."

"जरा थांबा."

"सात महिने थांबलेय, मास्तर. अजून किती?"

टपाल लावताना खिडकी बंद करायची असा नियम होता. मास्तरांनी झडप ओढली आणि पिशवी टेबलावर उपडी केली. बियाण्यांच्या याद्या, पाद्रीबाबांचं एक पत्र, आणि मास्तरांच्या नावचं त्या साप्ताहिकाचं नेहमीचं जाड पाकीट. रोझिनाचं काहीच नाही.

काचेवर रेती तडतडली. वारा उठत होता.

त्यांना संताप आला. त्या सदराचा, 'पिठासारखी' या शब्दाचा, एका साध्या प्रश्नाला सात महिने मूग गिळून बसण्याचा. ढेकळं ठेवलेली रानं यंदा उडाली नव्हती; टपालाच्या गाडीतून उतरणारा प्रत्येक जण तेच सांगत होता. तरी हेच खरं, असं छातीवर हात ठेवून कोण सांगणार? आणि बाहेर घोडे जुंपलेले होते. कोणीतरी ते उत्तर लिहायलाच हवं होतं.

त्यांनी कोरा कागद ओढला.

'मला ठाऊक नाही. पण कुळवू नका. ढेकळं राहू द्या, धसकटं राहू द्या, वाऱ्याला आडव्या सऱ्या पाडा. माझं चुकलं. म्हातारा नांगऱ्या.'

झडपेवर थाप पडली. "मास्तर, झोपलात का?"

कागद पाकिटात गेला. वर तिकीट लागलं. मास्तरांनी गावचा शिक्का शाईत बुडवला, क्षणभर तसाच धरला, आणि दाबला. मग पाकीट रोझिनाच्या खणात ठेवलं, झडप वर केली आणि खणातून काढून तिच्या हातात दिलं.

तिनं आधी शिक्का पाहिला, मग आतला कागद वाचला. मातेय उठून तिच्या खांद्यावरून डोकावला.

"हा तर आपल्याच गावचा शिक्का," रोझिना म्हणाली.

"हो."

"शाई ओली आहे अजून." तिचा आवाज चढला. "मी कुळवू नये म्हणून त्याच्या नावानं खोटं पत्र लिहिलंत होय? एवढी कीव आली माझी? थांबा, त्याचं खरं अक्षर आत्ता दाखवते!"

तिनं तो जुना कागद फळीवर आपटला आणि नवा त्याच्याशेजारी ठेवला.

दोन्ही कागदांवरचं अक्षर डावीकडे कललेलं होतं.