मीठ मीच टाकलं

खारवलेलं मांस आणखी तासभर तरी पाण्यात राहायला हवं होतं. ते मोरीतल्या चाळणीत निथळून पडलं होतं. डुकराचे कान, शेपटी, पाय, बरगड्या, सगळंच.

"बाबा, पाणी कुणी ओतलं? अजून एकदा बदलायचं होतं ना?" जुसाराने विचारलं.

वाल्दोमिरो कॉफीचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी चाळणीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"मीच ओतलं असणार. दुसरं आहे कोण घरात?" ते म्हणाले. "बाही वर कर, ओली झालीय तुझी."

हेच बघायला तर जुसारा काल कुरितिबाहून आली होती. आई गेल्यापासून बाबा मादुरेराच्या या घरात एकटेच. तिच्या नवऱ्याने, एवेराल्दोने, तिच्यामागे धोशाच लावला होता. जा, शनिवारी बाबांबरोबर स्वयंपाकघरात उभी राहा, काय ते दिसेल. जमलं तर त्यांना इकडेच घेऊन ये. बाबांना काय धाड भरलीय, असं म्हणत तिने बरेच दिवस टाळलं. बाबाही हलायला तयार नव्हते. या घरातून मी चौघांच्या खांद्यावरच निघणार, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मांस परत पाण्यात गेलं. फेजोआदाच्या काळ्या घेवड्याचं मोठं पातेलं गॅसवर चढलं. बाबा कोपऱ्यावरून संत्री आणायला गेले आणि जुसारा अंगणात कपडे वाळत घालायला गेली. ती परत आली तर पातेलं गार, गॅस बंद.

आता मात्र तिला कळेना, रागवावं की रडावं. बाबा संत्र्यांची पिशवी घेऊन आत आले, तेव्हा जाताना गॅस बंद करून गेलात, एवढंच ती म्हणाली. बाबांनी पिशवी ओट्यावर ठेवली. मग कपाळावर हात मारून म्हणाले की म्हातारपण हे असं, आणि गॅस पेटवला.

घेवडा मऊ झाल्यावर मांस पातेल्यात गेलं. त्याच्यामागून तमालपत्र आणि एक अख्खं संत्रं. वास सुटला तसं तिला बरं वाटलं. हिरव्या पानांची गुंडाळी करून ती केसासारखी बारीक चिरू लागली. शेजारच्या दोना लिंदाल्वाला आठवणीने एक वाडगा द्यायचा, असं तिने मध्येच सांगितलं.

"लिंदाल्वा मुलीकडे राहायला गेली गं," बाबा म्हणाले. "घर विकलं तिने."

"मला बोलला नाहीत ते?"

बाबा लसूण सोलत होते. त्यांचा हात थांबला.

"सांगायचं राहिलं असेल," ते म्हणाले.

लिंदाल्वाने जुसाराला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिचं घर विकलं जातं आणि बाबांना ते सांगायचं राहतं! जुसाराचं डोकं चक्रावून गेलं. बरं, बोलताना तर माणूस अगदी शुद्धीवर. चेष्टाही करतो. मग मधूनच हे काय होतं?

खरा घोटाळा चव घेताना झाला. जुसाराने पळीभर रस्सा तोंडात घेतला आणि तशीच मोरीकडे धावली. खारट! नुसतं खारट नाही, कुणीतरी मूठ भरून मीठ ओतलेलं.

फेजोआदात मीठ? ज्या माणसाने जन्मभर या पातेल्याजवळ मिठाचा डबा फिरकू दिला नाही, मांसाच्या अंगचं मीठच पुरतं म्हणून लहानपणी तिच्या हातावर चापट मारली, त्याच्याच पातेल्यात? तिला भीतीच वाटली.

बाबांनीही चव घेतली. त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. चिरलेल्या पानांच्या ढिगाआडून त्यांनी मिठाचा डबा उचलला, झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिला.

"मीठ मीच टाकलं," ते म्हणाले. "कसं टाकलं कोण जाणे."

त्यांनी निम्मा रस्सा काढून टाकला, गरम पाणी वाढवलं, बटाटे सोडले. तरी जायची ती चव गेलीच. दुपारी त्यांचे डॉमिनोवाले दोस्त नेहमीसारखे जेवायला आले. भात, भाजलेलं पीठ, संत्र्याच्या फोडी, सगळं होतं. पण पहिल्याच घासाला जाड्या बेनेदितोने विचारलं की वाल्दोमिरो, समुद्रच उपसून आणलास की काय. सगळे खो खो हसले. आपल्या फेजोआदाला कुणी नाव ठेवलं तर पूर्वी हाच माणूस ताट ओढून घ्यायचा. आज तोही हसला. वय झालं रे, म्हणाला. जुसाराला ते बघवेना.

दोस्त गेल्यावर तिने हिय्या केला. सगळे मुद्दे मनात जुळवून ठेवले होते. गॅस, पडणं-धडपडणं, रात्री-अपरात्री धावून येणारं कोणी नाही.

"बाबा, माझ्याकडे चला. कायमचे."

"येतो," ते म्हणाले.

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. या घरासाठी भांडणारे बाबा, शनिवारी एक माणूस कमी आला तर हिरमुसणारे बाबा, एका शब्दात तयार?

"तिथे गेल्यावर डॉक्टरला पण दाखवू हं," ती चाचरत म्हणाली.

"दाखवू की. तू बरोबर असलीस म्हणजे झालं."

तिला हुंदका फुटला. बाबांनी तिला थोपटलं, पडवीतल्या टांगत्या झोळीत निजवलं. ती झोपली, तेव्हा त्यांनी पातेलं घासून पालथं घातलं, भिंतींकडे एकदा नजर टाकली आणि मागच्या अंगणात जाऊन जावयाला फोन लावला.

"एवेराल्दो, तुझा संशय खरा निघाला रे," ते हळू आवाजात म्हणाले. "लिंदाल्वाचं तर मी तिला कालच सांगितलं होतं, रडली होती बिचारी. मी येतोय तिच्याजवळ राहायला. तू तिला काही बोलू नकोस. डॉक्टरकडे मीच नेतो तिला, माझ्या तपासणीला सोबत चल म्हणून."