पुलाचा थांबा

टेलरकाकूंनी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि आज महिन्याचा शेवटचा दिवस होता.

"काकू, आज सोडायचा," काठावरून फिजिओ म्हणाली. हातात कागद, गळ्यात शिट्टी, वय काकूंच्या धाकट्या मुलीएवढं. "समोरच्या भिंतीपर्यंत एकदा चालून दाखवा. नाहीतर उद्यापासून तुमची जागा दुसऱ्या बाईंना द्यावी लागेल. यादीत अकरा जणी थांबल्यात."

पोहण्याच्या तलावाचं पाणी कोमट होतं, छातीपर्यंत. वर काचेचं छप्पर. सकाळचं ऊन त्यातून गाळून खाली येत होतं आणि वाफेत विरघळत होतं. समोरची भिंत मधेच दिसायची, मधेच नुसती ऐकीव वाटायची. पाण्यात आठ बायका होत्या. एकूण नऊ गुडघे, चार कंबरा, दोन खांदे. चांगले अवयव कुणी मोजत नव्हतं; ते दाखवायला इथे कोण येतं?

काकूंची कंबर. सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात इथेच चौथ्या पावलाला पाय सटकला, कंबर धरली आणि तीन दिवस त्या घरात आढ्याकडे बघत पडून होत्या. तेव्हापासून त्या रोज वेळेवर यायच्या आणि कठड्यापाशी उभ्या राहायच्या. त्यातही सुख होतं. अर्धा तास अंग हलकं व्हायचं, कुणाकडून तरी उसनं आणल्यासारखं. हा अर्धा तास गेला तर दिवसात उरणार शिलाई मशीन, खुर्ची आणि गरम पाण्याची पिशवी.

"दुखेल गं," त्या फिजिओला म्हणाल्या.

"दुखेलच. उभ्या राहून दुखायचं थांबलंय का?"

काकूंनी कठडा आणखी घट्ट धरला.

एवढ्यात कंडक्टरबाई तिथे आल्या. नोकरी संपून चार वर्षं झाली होती, गुडघे दोन्ही कामातून गेले होते, आवाज मात्र अजून ड्यूटीवर होता. पाण्यात फेऱ्या मारताना त्या थांबे पुकारायच्या आणि बाकीच्या त्यांच्यामागे रांगेनं चालायच्या. कुणी दवाखान्याला उतरायची, कुणी शाळेपाशी चढायची. दमलेल्या बाईला थांबायला निमित्त मिळायचं, आणि लाजही राखली जायची.

"ओ ताई, दारात उभ्या राहू नका. पुढे चला, आत सगळी रिकामी आहे."

"मला उतरायचंय."

"अजून चढला नाहीत, उतरताय कुठून? जायचंय कुठे ते बोला."

काकूंनी विचार केला. तीन वर्षांत घर आणि हा तलाव सोडून त्या कुठे गेल्या नव्हत्या. कापड लोकच घरी आणून टाकायचे.

"कापडबाजार," त्या हळूच म्हणाल्या, एखाद्या जुन्या मैत्रिणीचं नाव घ्यावं तशा.

"म्हणजे आपली बारा नंबर. बावीस वर्षं केली मी." कंडक्टरबाईंनी पाण्यावर दोन चापट्या मारल्या. रांग हलली. "दवाखाना!"

आवाज काचेखाली घुमून सावकाश परत आला. काकूंनी डोळे मिटले. दवाखान्याच्या कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा बसला होता. वाफेतून काहीतरी मागे मागे जात होतं.

"शाळा."

शाळेचं लांबलचक कुंपण संपता संपत नव्हतं.

"पाण्याची टाकी."

काकूंनी डोळे उघडले. "टाकी कशी? आधी पूल."

"कुठला पूल?"

"कुठला काय? शाळेनंतर पूल, मग टाकी."

"बारा नंबर पुलाला थांबत नाही, ताई."

"थांबत नाही? तिथे ती फुलवाली चढायची."

"फुलवाली टाकीला."

"पुलाला!"

कंडक्टरबाई भांडत होत्या, पण उलट्या पावलांनी मागे सरकत. निम्मा चेहरा वाफेत गेला होता. भांडण अर्ध्यावर सोडणं काकूंच्या स्वभावात नव्हतं. बाही ढिली झाली म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी त्या पार फाटकापर्यंत जाऊन वाद घालत. बावीस वर्षं थांबे पुकारलेली बाई एक अख्खा थांबा खाईल, हे रांगेतल्या सहा जणींना पटलं नाही. पण रांग न मोडता त्या चालत राहिल्या.

काकूंचे हात कठड्यावर नव्हते. मशीनवर कापड सारावं तसे ते पाणी पुढे सारत होते, आणि पाय मशीनच्या पायडलवर चालावेत तसे चालत होते, चवडा, टाच, चवडा, टाच. ही पद्धत चूक होती. फिजिओनं शिट्टी ओठांपर्यंत नेली, आणि तशीच खाली आणली.

चौथं पाऊल. कंबरेतून कळ आली, नेहमीच्याच वाटेनं. काकू जागच्या जागी उभ्या राहिल्या. आजूबाजूला धरायला काहीच नव्हतं.

"पूल," कंडक्टरबाई म्हणाल्या. "तुमचंच खरं, ताई. थांबते इथे गाडी. चांगली थांबते."

काकूंनी खाली पाहिलं. खाली पाणी वाहत होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग कळ जरा आवरली, गेली नाही, आणि त्यांनी स्वतःच मान हलवली, म्हणजे निघा.

टाकी गेली. आणखी दोन थांबे गेले. वाफेतून भिंत आली, निळी, ओली, खरीखुरी.

"कापडबाजार. शेवटचा थांबा."

फिजिओ काठानं चालत तिथवर आली होती. "दुखतंय?"

"दुखतंय की."

तिनं कागदावर खूण केली. "उद्या नेहमीच्या वेळेला या."

काकूंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी समोरचं पाणी अंगठा आणि दोन बोटांत धरलं, चोळून पोत पाहिला, नाक किंचित मुरडलं, आणि भिंतीकडे पाठ फिरवून, पुढे पसरलेल्या सगळ्या उजेडाला म्हणाल्या, "अजून दाखवा."