कोपराएवढी जागा

"जरा वर उचल. हां... आता दाब," गाडीत आडवा होऊन लतीफ म्हणाला. दोन सीटांच्या मधोमध ठेवलेल्या लाकडी पेटीवर महेरुन्निसाने दोन्ही हातांनी भार दिला. खालून स्क्रू करकरत आवळला गेला.

"आता हँडब्रेक ओढून बघ."

तिने ओढला. कुठे न अडता तो वर आला. पहिली पेटी उंच झाली होती, हँडब्रेक तिच्यावर आपटायचा. दुसरी रुंद झाली, मग सीटचा पट्टा लागेना. ही तिसरी. वर स्पंज आणि त्यावर तपकिरी रेक्झिनचं कव्हर. कव्हर तिने घरच्याच मशिनवर शिवलं होतं, सुया मोडत मोडत.

लतीफ कपडे झटकत उठला, ड्रायव्हरच्या सीटवर बसला, डावं कोपर पेटीवर टेकलं आणि डोळे मिटले. कुवेतहून कायमचा परत आल्यापासून त्याचे खांदे असे सैल पडलेले तिने पाहिले नव्हते. तिकडे एकाच घरची गाडी चालवण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. इथे श्रीवर्धनला आल्यावर ही छोटी, कुणीतरी वापरलेली गाडी घेतली खरी, पण चालवताना त्याचं कोपर सारखं काहीतरी शोधायचं आणि काही सापडलं नाही की मांडीवर येऊन पडायचं.

"तिकडं उजवं कोपर टेकायचं, इकडं डावं," तो म्हणाला. "तेवढाच फरक."

"तेवढाच?"

त्याचं लक्ष नव्हतं. "त्या गाडीची तर ही एवढी रुंद होती. नूरा शाळेतून येताना मागून पुढं वाकायची आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपून जायची. ब्रेक मारायचा झाला की मी एका हातानं तिचं डोकं धरून ठेवायचो. आता डॉक्टर झाली ती."

महेरुन्निसा खाली पडलेले रेक्झिनचे तुकडे गोळा करत राहिली. मालकांची ही नूरा तिने कधी पाहिली नव्हती, पण तिचा पहिला दात कधी पडला तेसुद्धा तिला फोनवर कळलेलं होतं. त्यांची स्वतःची आतिफा तेवढ्याच वयाची. प्रवासात खिडकीशी बसली नाही तर तिला उलट्या होतात, हे लतीफला आत्ता परवा, माणगावला जाताना कळलं. त्याने गाडी बाजूला घेतली, लेकीची पाठ चोळली, आणि तिला खिडकीशी बसवलं.

तिला सुपारीचा टेम्पो आठवला. लग्न झालं त्या वर्षी लतीफ बागांमधली सुपारी भरून माणगावला न्यायचा. कधीमधी तीही पुढे त्याच्या शेजारी बसायची. गियरचा दांडा अगदी तिच्या गुडघ्याला लागून. त्याचा खांदा हलला की आता गियर पडणार हे तिला आधीच कळायचं, ती गुडघे आवरून घ्यायची. म्हसळ्याच्या चढावर तर हे सारखंच चालायचं. माणगाव येईपर्यंत दोघं फारसं बोलायचे नाहीत. तरी रस्ता संपू नये असं वाटायचं.

"चल, एक चक्कर मारून येऊ. शेखाडीच्या रस्त्याला," लतीफ म्हणाला.

ती हात धुऊन, ओढणी डोक्यावर घेऊन बाहेर आली. बघते तर लतीफ गाडीच्या मागच्या दाराशी उभा. दार उघडून धरलेलं, पाठ ताठ, नजर खाली.

तिला हसू येणार होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि ते आलं नाही. ती गुपचूप मागे बसली. त्याने जरासुद्धा आवाज न करता दार लावलं.

उन्हं उतरली होती. डाव्या हाताला समुद्र लागला, पण महेरुन्निसाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या मानेकडे बघत होती. मानेवरचे केस पार पांढरे झाले होते. कोपर पेटीवर टेकलेलं, बोटं गियरवर सैल. वळणं अशी घेत होता की जणू मागे कुणीतरी झोपलं आहे. तिला ठाऊक होता तो सुट्टीवर आलेला लतीफ. बॅगा उघडणारा, पाहुण्यांच्या गराड्यात बसलेला, जायचा दिवस जवळ आला की चिडचिडा होणारा. हा कामावरचा माणूस तिने कधी बघितलाच नव्हता. त्या लोकांनी तो रोज बघितला होता.

आरशात त्याची नजर तिच्यावर गेली. गाडीचा वेग कमी झाला.

"तू मागं का बसलीस?"

"तुम्हीच दार उघडलंत."

लतीफने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"सवय गं," तो म्हणाला. "हात आपसूक जातो."

"असू दे."

ती उतरली. पुढचं दार स्वतःच उघडून त्याच्या शेजारी येऊन बसली आणि आपलं उजवं कोपर पेटीवर टेकलं. पेटी एकाच कोपराच्या मापाची होती. लतीफचं कोपर कडेला सरकलं, घसरायला लागलं. त्याने ते उचलून घेतलं.

"काढू नका," ती म्हणाली. "सरका जरा."